गालाला हात लावून बसलेली राणी

“ताई, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आठ दिवसांसाठी लंडनला निघालोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी अशाच एका परदेश सहलीत सलग दोन दिवस पाऊस लागला होता. हॉटेलच्या एका खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही. मुलांची मारामारी, सासूबाई गप्प, आणि नवरा दर तासाला ‘आजचा दिवस आपल्याला कितीला पडला’ ते सांगतोय. शेवटी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. लंडनचा पाऊस तर जगजाहीर. पावसात मुलांना नेता येईल अशा जागांची यादी द्याल का?”
– नळ सोडून रडलेली आई

जागा सांगते. पण आधी तुमच्या नवऱ्याच्या हिशेबाबद्दल बोलू, कारण त्या दिवशी खोलीत खरा पाऊस त्याचाच पडत होता.

मी काही शहाणपणाच्या उंच ओट्यावर बसून बोलत नाही. आमची मुलं दहा आणि सहा वर्षांची असताना आम्हीही लंडनला गेलो होतो आणि आमच्या घरात हिशेबनीस मी होते. रात्री जागून मी एक कागद केला होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने पाडलेला. तिसऱ्या दिवशी उठलो तर पाऊस. कागदावर त्या दिवशी चार ठिकाणं होती. मी एकही खोडलं नाही. उलट बाग होती तिथे आणखी एक संग्रहालय घातलं, म्हणजे दिवस वाया जायला नको! अकराच्या सुमाराला आम्ही एका मोठ्या संग्रहालयाबाहेर रांगेत उभे. आधी वेळ नोंदवून ठेवता येते, हे मी वाचलंच नव्हतं. पाऊण तास गेला. आत शिरल्यावर ‘हे बघ, ते बघ, चल पुढे’ करत मी दोघांना अक्षरशः फरफटत नेलं. धाकटीला आज त्या संग्रहालयातलं काहीही आठवत नाही. तिला आठवतं ते रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या छत्रीच्या काडीवरून तिच्या बुटावर टपकणारं पाणी. तिने ते थेंब मोजले होते. एकशे चाळीसपर्यंत. ‘तू हात ओढलास म्हणून चुकलं,’ हे ती मला अजून ऐकवते.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते. पावसाच्या दिवशी यादी वाढवायची नाही, कापायची. एक गोष्ट छपराखाली आणि एक गोष्ट पावसात. बस्स, दोनच. आणि त्यातली पावसातली गोष्ट गाळायची नाही, कारण मुलं दिवसभर घरात कोंडली की काय होतं ते तुम्ही अनुभवलंच आहे. कोंडायची जागा संग्रहालयाएवढी मोठी असली तरी फरक पडत नाही.

आता त्या जगजाहीर पावसाबद्दल. लंडनमध्ये वर्षभरात मिळून साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो कोसळत नाही, रेंगाळतो. त्याच सहलीत आमच्या थोरल्याने खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर सरळ कडांचा एक ग्लास ठेवला होता आणि संध्याकाळी त्याला फूटपट्टी लावली. दिवसभर आम्ही ‘काय मेला पाऊस’ म्हणून कुरकुरत होतो आणि ग्लासात जेमतेम चार मिलिमीटर पाणी! मला त्या ग्लासाची लाज वाटली होती. तुमच्या मुलालाही हे काम द्या. एवढंच नाही, सगळं हवामान खातंच त्याच्या हाती द्या. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या, मेट ऑफिसच्या ॲपवर तासातासाचा अंदाज दिसतो. त्यातले ‘४० टक्के’ म्हणजे दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस नव्हे, त्या तासात पाऊस पडण्याची शक्यता तेवढी, हे त्याला एकदा नीट समजावून सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं आणि कळलं की तो इतरांना सांगत सुटतो. कधी निघायचं ते त्याने ठरवायचं. अंदाज चुकला तर भिजायचं सगळ्यांनी, आणि कोणी बोलायचं नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मेच्या अखेरीला लंडनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. पाऊस संध्याकाळी पाचला थांबला, तर पुढे चार तास लख्ख उजेड असतो. म्हणजे दुपारी दोन वाजता ‘गेला आजचा दिवस’ असं म्हणणारा माणूस तिथे चक्क चुकीचं बोलतो. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा.

छपराखालची पहिली जागा साऊथ केन्सिंग्टन. भुयारी रेल्वेच्या त्या स्टेशनातून संग्रहालयांकडे जाणारा पायी चालायचा एक बोगदा आहे, १८८५ सालचा. टाइल्सच्या भिंती, वरून मधेमधे उजेड, आणि आवाज घुमतो. छत्री न उघडता तुम्ही नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या तिघांच्या दाराशी पोचता. मुलांना त्या बोगद्यात ओरडायचं असतं. ओरडू द्या, सगळ्यांचीच मुलं ओरडतात. फक्त स्टेशनात जिने आहेत, सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर तिथे बसने जा.

तिघांपैकी एकच निवडायचं. तिन्ही नाहीत. हे मी दोनदा सांगतेय, कारण दारं समोरासमोर दिसली की मोह होतो. नॅचरल हिस्ट्री म्युझियम निवडलंत तर एक धोक्याची सूचना: मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि पावसात लंडनचे सगळे आईबाप हाच विचार करतात. फुकटच असलेली प्रवेशाची वेळ आधी नोंदवून ठेवा, आणि सकाळी दहाला दार उघडताना तरी जा, नाहीतर दुपारी तीननंतर. अकरा ते दोन तिथे डायनोसॉरपेक्षा बाबागाड्याच जास्त दिसतात.

आत मोठ्या दालनात छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, २५ मीटरहून लांब. नाव ‘होप’. १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकून मेलेली ही मादी २०१७ पासून तिथे सूर मारल्यासारखी लटकतेय. सगळे तिचा फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. मुलीला मान वर करून खांबांवरच्या कमानी बघायला सांगा. भाजलेल्या मातीची माकडं तिथे वर चढताना दिसतील. ही इमारत १८८१ सालची आणि तिच्या अंगाखांद्यावर प्राणी कोरलेत. बाहेरून बघताना एका बाजूला आज जिवंत असलेल्या जातींचे, दुसऱ्या बाजूला नामशेष झालेल्यांचे. पाच वर्षांच्या मुलीला तिथला हलणारा यांत्रिक डायनोसॉर घाबरवतो, माकडं शोधण्यात मात्र तिचा अर्धा तास सहज जातो.

मुलाला जिन्याकडे न्या. तिथे चार्ल्स डार्विनचा संगमरवरी पुतळा बसलाय. डार्विन ज्या बीगल जहाजावरून जगभर फिरला, त्याचे कप्तान होते रॉबर्ट फिट्झरॉय. हेच गृहस्थ पुढे हवामानाच्या मागे लागले. आजच्या मेट ऑफिसची सुरुवात १८५४ मध्ये त्यांच्या हाताखाली झाली, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी वर्तमानपत्रात लोकांसाठी छापलेला पहिला हवामान अंदाजही त्यांचाच. अंदाज चुकले की लोक तेव्हाही टिंगल करायचे. आपल्या हवामान खात्याच्या नऊ वर्षांच्या प्रमुखाला ही गोष्ट पुतळ्यासमोर उभं राहून सांगा. सकाळी त्याचा अंदाज चुकला असेल तर नक्कीच सांगा.

गर्दीचा वीट येत असेल तर बेथनल ग्रीन भागात ‘यंग व्ही अँड ए’ आहे, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचंच धाकटं संग्रहालय. खास मुलांसाठी नव्याने मांडून २०२३ मध्ये उघडलेलं, प्रवेश मोफत. पर्यटक तिथवर सहसा पोचत नाहीत. धाकटीसाठी मी तेच निवडलं असतं. कॉव्हेंट गार्डनचं ट्रान्सपोर्ट म्युझियमही चांगलं आहे. तिथे मोठ्यांना तिकीट आहे, मुलांना नाही, आणि जुन्या बसमध्ये चढून बसता येतं.

आता पावसातली गोष्ट. सेंट जेम्स पार्कमध्ये पेलिकन आहेत. रशियाच्या राजदूताने १६६४ मध्ये राजाला भेट दिलेल्या पेलिकनांपासून तिथे ही पद्धत पडली. दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान त्यांना मासे खायला घालतात. पावसात काठावर माणसं कमी असतात, आणि पेलिकनांना पावसाचं सोयरसुतक नसतं. चोचीखालची पिशवी पाण्यासकट उघडून मासा आत घेणारा पेलिकन पाच फुटांवरून बघितला की पाच वर्षांचं मूल काही वेळ बोलायचंच थांबतं. मग परत येताना डबकी. प्रत्येक डबक्यात उडी मारायची परवानगी द्या, ‘कपडे खराब होतील’ हे वाक्य त्या दिवसापुरतं बंद. पंचवीस मिनिटं पुरतात. त्यानंतर गरम चॉकलेट, लगेच, ओल्या केसांनी थंडी वाजायच्या आत.

हे जमायचं तर सामान नीट हवं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. मुलांना छत्र्या देऊ नका. तिथे वारा असतो, छत्री उलटते, मग तिची तलवार होते. टोपीवालं रेनकोटचं जाकीट हवं. जीन्स तर नकोच, ओली जीन्स दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. मुलीचे गमबूट न्यायचे असतील तर त्यांच्यात मोजे ठासून भरा, जागा वाचते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या पाठीवरच्या पिशवीत पाचही जणांचे कोरडे मोजे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. केस ओले असले तरी मूल हसतं, पाय ओले असले की रडतं. मोठ्यांचंही तेच आहे, ते रडत नाहीत, हिशेब करतात.

छत्रीवरून आठवलं. अठराव्या शतकात जोनास हॅनवे नावाचा एक गृहस्थ लंडनच्या रस्त्यांवर छत्री घेऊन हिंडायचा, तर लोक त्याला हसायचे. पुरुषाने छत्री धरायची नसते असा समज! सगळ्यात जास्त चिडायचे घोडागाडीवाले, कारण पाऊस आला की लोक गाडी करतात आणि हा भला माणूस चालत जातोय. सासूबाईंना ही गोष्ट आवडेल.

त्यांच्याबद्दल तुम्ही पत्रात दोनच शब्द लिहिलेत, ‘सासूबाई गप्प’. त्या गप्प का होत्या, हे कोणी विचारलं होतं का? पावसात म्हाताऱ्या माणसांना पाय घसरायची भीती असते आणि आपल्यामुळे सगळे अडकले असं वाटत असतं. त्यांना पेलिकनांकडे नेऊ नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये चहाच्या खोल्या आहेत. संग्रहालयात उपाहारगृह काढायची कल्पना जगात पहिल्यांदा तिथेच आली, आणि त्या जुन्या खोल्या आजही रंगीत टाइल्स आणि काचांनी मढवलेल्या आहेत. तिथे त्यांना तासभर ऊबेत बसू द्या. मुलाला त्यांच्याबरोबर ठेवलंत तरी चालेल, ग्लासातले मिलिमीटर त्याला कोणाला तरी सांगायचेच असतात.

पायांना विश्रांती हवी असेल तेव्हा दुमजली बस. वरून उघड्या पर्यटक बसचं तिकीट पावसाळी दिवशी काढू नका, साधी लाल बस घ्या. १५ नंबरची बस ट्रफाल्गर चौकाजवळून निघून फ्लीट स्ट्रीटवरून सेंट पॉल कॅथीड्रल आणि पुढे टॉवर ऑफ लंडनपर्यंत नेते. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मुलांना, तुम्ही त्यांच्या मागे. सासूबाई खालच्या मजल्यावर, कारण चालत्या बसमध्ये तो जिना त्यांनी चढायचा नाही, आणि नवरा त्यांच्या सोबतीला. वरच्या काचेवर आतून वाफ धरते, मुलं तिच्यावर बोटांनी चित्रं काढतात. टॉवर दिसला नाही तरी चालेल.

हिशेबाकडे परत येते, कारण तुमचा नवरा हे वाचणार आहे. भाऊसाहेब, वर सांगितलेली मोठी संग्रहालयं मोफत आहेत, पैसे फक्त खास प्रदर्शनांना. बाग मोफत, पेलिकन मोफत. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये फुकट जातात. पहिल्या बसमध्ये कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणजे तुमच्या आठ दिवसांतला सगळ्यात स्वस्त दिवस हा पावसाचाच असणार. बुडतात ती आधी काढून ठेवलेली महागडी तिकिटं, तेव्हा उंचावरून शहर बघायची तिकिटं दोन-तीन दिवस आधीच्या अंदाजावर काढा, आणि तारीख बदलता येते का ते पैसे भरायच्या आधी वाचा. राजवाड्यासमोरची पहारा बदलण्याची कवायतही जोराच्या पावसात रद्द होते. तिच्यासाठी सकाळ राखून ठेवू नका.

दुसऱ्या दिवशीही पाऊस असेल, तर ब्रिटिश म्युझियम. मधल्या चौकावर २००० साली बसवलेलं काचेचं छत आहे, ३,३१२ काचा आणि एकही दुसरीसारखी नाही. त्याच्याखाली उभं राहून पाऊस वर पडताना बघणं हाच पहिला कार्यक्रम. मग सरळ ४० नंबरचं दालन गाठा. ममी आज नको, तिथे श्वास घ्यायला जागा नसते. ४० नंबरमध्ये बुद्धिबळाच्या सोंगट्या आहेत. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या, बाराव्या शतकातल्या, बहुतेक वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेल्या. त्यांतल्या ११ एडिनबरोला आहेत, बाकी बऱ्याचशा इथे.

प्रत्येकाला एक वही आणि एक पेन्सिल. एक सोंगटी निवडायची, खाली फरशीवर बसायचं आणि काढायची. तुम्हीसुद्धा. चित्र वाईट आलं तरी चालतं. आपल्या बुद्धिबळात हत्ती असतो त्या जागी तिथे शिपाई आहेत, आणि त्यांतले काही डोळे वटारून आपल्याच ढालीचा काठ दातांनी चावताहेत. तुमचा मुलगा तोच काढणार, माझी पैज. आणि आपण ज्याला वजीर म्हणतो ती तिथे राणी आहे. सिंहासनावर बसलेली, उजवा हात गालाला लावलेला, डोळे गोल. आठशे वर्षं तिचा चेहरा तसाच आहे, बेत ठरवून निघालेल्या आणि खिडकीबाहेर पाऊस बघणाऱ्या बाईचा. ती तुम्ही काढा. नवऱ्याला शेजारी बसवून दाखवा आणि विचारा, ओळखलंस का हिला?

रात्री हॉटेलवर आल्यावर बूट. भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर सकाळी ‘मेट्रो’ नावाचं फुकट वर्तमानपत्र ठेवलेलं असतं, दोन-तीन उचलून ठेवा. पानं चुरगाळून बुटांत ठासा, तासाभराने ओली पानं काढून कोरडी भरा, सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. ओले कपडे टॉवेलात गुंडाळून त्या वळकटीवर मुलांना नाचायला सांगा. पिळण्यापेक्षा जास्त पाणी निघतं आणि झोपायच्या आधी त्यांचा दंगाही संपतो. मोजे मात्र तुम्हालाच धुवावे लागतील. बाथरूम आहेच, नळही आहे.